अनुभव धागा: उन्हाळ्यातलं छोटं संगीत संमेलन, एक अख्खा दिवस

मोठ्या महोत्सवांचं कौतुक होतच असतं, पण तिथे आपण गायकाला स्क्रीनवरच बघतो. या धाग्यावर छोट्या जागांबद्दल लिहा, जिथे सतरंजीवर बसून तंबोरे जुळताना पण ऐकू येतात. त्यातही उन्हाळ्यातल्या. गाणं कसं झालं ते लिहाच, पण सोबत दिवस कसा गेला, काय खाल्लंत, शेजारी कोण बसलं होतं तेही येऊ द्या.

---

मिरज! माहेर सांगलीचं, त्यामुळे मीरासाहेब दर्ग्याचा उरूस लहानपणापासून माहितीये, पण तिथली संगीत सभा रात्रभर बसून ऐकली ती लग्नानंतर, उरूस मे महिन्यात आला होता तेव्हा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला गेले, त्यांची कबर याच आवारात आहे, आणि त्यांच्या आठवणीत चिंचेच्या झाडाखाली ही सभा भरते. कलाकार बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी सगळे इथे गाऊन गेलेत.

दुपारी ऊन मी म्हणत होतं म्हणून आम्ही सतारमेकरांच्या दुकानांत गेलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळलेले भोपळे छताला टांगलेले, आणि एक कारागीर घोडी (तारांखालची पट्टी) घासून तंबोऱ्याची जवारी (तारेची गुंजणारी आस) काढत होता, जरा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, असं कितीतरी वेळ, आम्ही उभे आहोत याकडे लक्षही नाही. (2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मला फार बरं वाटलं, ते हात कधीचे त्याला लायक होते.)

रात्री फरशी अजून गरम होती. बाहेर उरुसाची गर्दी, पाळणे, बांगड्यांचे स्टॉल, आणि त्यातूनच उठून बायका मुलांना कडेवर घेऊन आत येऊन बसायच्या. शेजारच्या आजोबांनी मला हळूच सांगितलं, "आता रिषभावर थांबतील बघ पोरी." आणि गायक त्या सुरावर खरंच थांबले! किराणा घराण्यात एकेका सुराला किती जपतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, कळलं मात्र त्या रात्री.

---

मे महिन्यात म्हणजे? मी तर थंडीत गेलेलो.

---

दोन्ही बरोबर. उरूस रजब महिन्यात असतो, चांद्र कॅलेंडरप्रमाणे, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या थंडीत येतोय, परत उन्हाळ्यात यायला बरीच वर्षं जातील.

---

बनारसच्या संकटमोचन मंदिरातलं संगीत संमेलन छोटं म्हणता येणार नाही, तरी लिहितेच. एप्रिलमध्ये हनुमान जयंतीच्या सुमारास, 1923 पासून, मंदिराच्या आवारात, तिकीट नाही. दिवसभर लू, रात्रभर गाणं. 2015 ला पाकिस्तानचे गझलगायक गुलाम अली साहेब तिथे गायले होते. मी गेले तेव्हा पहाटे दर्शनाला आलेले लोक हातातला प्रसादाचा द्रोण तसाच धरून तबला ऐकत उभे होते.

---

आम्ही बॉस्टनला असतो, तिथून साधारण अडीच तासांवर व्हरमाँटमध्ये मार्लबोरो आहे. 1951 पासून दर उन्हाळ्यात पाश्चात्य शास्त्रीय वाजवणारे तरुण आणि ज्येष्ठ वादक तिथे काही आठवडे एकत्र राहतात आणि चार-पाच जणांच्या रचना बसवतात. ज्येष्ठाने शिकवायचं आणि धाकट्याने ऐकायचं असं नाही, दोघं एकाच रचनेत बरोबरीने वाजवतात. कार्यक्रम फक्त वीकेंडला, आणि काय वाजणार ते फक्त आठवडाभर आधी ठरतं, कारण जी रचना नीट बसली तीच लोकांसमोर आणायची. मला हे मनापासून पटतं. आपल्याकडे तरुण मुलांना रियाजाला इतका मोकळा वेळ, तोही थोरामोठ्यांसोबत, कोणीतरी मिळवून द्यायला हवा.

आम्ही घरून पोळीभाजी नेलेली, टेकडीवर गवतात बसून खाल्ली, मग आत गेलो. हॉल साधा, लाकडी. चेलोवाला पान उलटायच्या आधी श्वास घेतो तेही ऐकू येत होतं. मुलगी आठ वर्षांची आहे, कंटाळेल म्हणून रंगवायची वही नेली होती, ती बॅगेतून निघालीच नाही.