मराठी ब्रेल पुस्तकाची मूळ प्रत कोणती: ठिपक्यांची की देवनागरी?

परळकर (धागाकर्ता):
दादरच्या आमच्या वाचकगटात मराठी पुस्तकं ब्रेलमध्ये आणायचं काम चाललंय. गटात ठरतंय की युनिकोड (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत) ब्रेलची फाइल हीच मूळ प्रत मानायची आणि देवनागरी ठेवायचीच नाही. माझा याला ठाम विरोध आहे.

युनिकोडच्या ३.० आवृत्तीत, १९९९ साली, ब्रेलला सलग २५६ जागा मिळाल्या. आठ ठिपक्यांच्या जितक्या जुळण्या होतात तितक्या. हिशेब सुरेख आहे: पहिल्या ठिपक्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ४, चौथ्याला ८, असं दुप्पट करत जायचं आणि उठलेल्या ठिपक्यांची बेरीज २८०० या षोडशमान (१६च्या पायावरच्या) क्रमांकात मिळवायची. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलचा 'म' म्हणजे ठिपके १, ३ आणि ४, बेरीज १३. पण त्या जागेवर 'म' असं कुठेच नोंदलेलं नाही, कारण तीच खूण इंग्रजीत एम आहे. युनिकोड ठिपके सांगतं, भाषा सांगत नाही. अशा फाइलमध्ये 'मुंबई' शोधून सापडणार नाही, आणि ज्यांना ब्रेल येत नाही, कानांनीच वाचायचं आहे, त्यांच्या स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामला) त्यातून मराठी उच्चार काढता येणार नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्या कितीतरी जणांना आपण बाहेर ठेवतोय.

बोटवाचक:
अजिबात पटलं नाही. मी ब्रेल वाचते आणि ब्रेलचं मुद्रितशोधनही करते.

'मुंबई'च घ्या. भारती ब्रेलमध्ये मात्रा आणि स्वतंत्र स्वर यांना एकच खूण आहे. 'ब'नंतर थेट 'ई' आली की बोटांना 'बी' लागतं, म्हणून मध्ये 'अ'चा एक ठिपका द्यावा लागतो. तो सुटला की आपल्या शहराचं नाव 'मुंबी'. जोडाक्षरात हलन्ताची खूण अक्षरांच्या आधी येते, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतःच्या वेगळ्या खुणा आहेत. हे सगळं मी ओळीओळीने तपासते. तुम्ही देवनागरी पाठवणार, मग प्रत्येकाच्या यंत्रावर, त्यातल्या प्रोग्रामच्या मगदुराप्रमाणे नवं रूपांतर होणार. माझी दुरुस्ती गेली कुठे?

छापखानावाला:
दोघांनाही एक सांगतो. एम्बॉसरला, म्हणजे कागदावर ठिपके उठवणाऱ्या यंत्राला, बहुतेक वेळा बीआरएफ फाइलच लागते. त्यात सहा ठिपक्यांच्या ६४ जुळण्या साध्या आस्की (इंग्रजी कळफलकावरच्या) चिन्हांवर बसवलेल्या असतात. 'मुंबई' तिथे एम, यू, अर्धविराम, बी, ए आणि ९ अशी दिसते. युनिकोड ब्रेलपेक्षा हेच ठेवा, यंत्र चालतं.

परळकर:
@छापखानावाला, छपाईपुरतं मान्य. पण बीआरएफमध्ये ओळी आधीच तोडलेल्या असतात. ओळीत ४० घरांसाठी (एका घरात एक खूण) लावलेला मजकूर २० घरांच्या ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटांखाली ठिपके उठवणाऱ्या उपकरणावर, वाचून बघा, प्रत्येक ओळीची शेपटी खाली लोंबते. शिवाय तो अर्धविराम म्हणजे मराठीचा अनुस्वार, हे फाइल सांगत नाही.

@बोटवाचक, 'अ' सुटतो ती चूक रूपांतराच्या तक्त्यात आहे. ब्रेल रूपांतराचा लिबलुई हा प्रोग्राम मुक्तस्रोत आहे, त्यात मराठीचा तक्ता आहे. तिथे एकदा दुरुस्त केलं की पुढची सगळी पुस्तकं सुधारतील. तुमची मेहनत एका फाइलमध्ये अडकू नये, हेच म्हणतोय.

बोटवाचक:
तक्ता जरूर सुधारा, त्यासाठी चुकांची यादी मी देते. पण सुधारलेला तक्ता प्रत्येकाच्या यंत्रावर पोचायला वेळ लागतो, आणि शाळेतल्या मुलीच्या हातात पुस्तक याच जूनमध्ये पडायला हवं. ती ज्या शब्दांवरून शुद्धलेखन शिकणार तो शब्द माणसाने तपासलेला असावा. डोळसांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ छापण्याआधी कुणी यंत्राच्या भरवशावर सोडत नाही. देवनागरी ठेवा, शोधायला आणि ऐकायला ती हवीच. मात्र तपासलेल्या ठिपक्यांना 'त्यातून कधीही काढता येतील' म्हणून फेकून देणार असाल, तर माझं नाव मुद्रितशोधक म्हणून त्या पुस्तकावर घालू नका.