फिनिशरमध्ये मक्याऐवजी बाजरी: एफसीआर १.८५ वरून २.१०, तूसही ओलं

माळरान
१००० ब्रॉयलरचं (मांसासाठीच्या कोंबड्यांचं) उघडं शेड, जात कॉब ४३०, खाद्य घरचं, मॅश (भरड, गोळ्या न केलेलं). प्री-स्टार्टर आणि स्टार्टर जुनंच आहे, बदल फक्त फिनिशरमध्ये, म्हणजे २२ व्या दिवसापासूनच्या शेवटच्या खाद्यात. १०० किलोचा हिशोब:

आधी: मका ६०.५, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड, ४६ टक्के प्रोटीन) ३१, तेल ४.५
आता: मका ३०.५, बाजरी ३२, सोया डीओसी २६, सुकी मासळी ५, तेल २.५

उरलेले ४ किलो दोन्हीकडे सारखे: डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.६, चुनखडी पावडर १.१, मीठ ०.३, खाण्याचा सोडा ०.१५, आणि मेथिओनीन, लायसीन, व्हिटॅमिन, मिनरल, कोलीन, कॉक्सिडिओस्टॅट (आतड्यातल्या कॉक्सिडिया परजीवीवरचं औषध) मिळून ०.८५.

बाजरीत मक्यापेक्षा प्रोटीन जास्त, म्हणून सोया कमी केला. बाजरीला स्वतःचं तेल असतं, म्हणून तेल कमी केलं. खाद्य किलोला ३८ रुपयांवरून ३५.८० वर आलं. पण २२ ते ४२ दिवसांतला एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागलेलं खाद्य) १.८५ चा २.१० झाला, ३० व्या दिवसापासून शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं, पाय पांढरट. मर नेहमीइतकीच. बाजरी मानवत नाही म्हणायचं का?

भरडा
बाजरीला दोष देण्याआधी ऊर्जेची बेरीज करा. मका ३३५० किलोकॅलरी, सोया २३००, तेल ८८०० धरलं तर तुमचं जुनं खाद्य किलोला ३१३५ च्या आसपास येतं. भारतीय मानक फिनिशरला ३२०० आणि २० टक्के प्रोटीन सांगतं, म्हणजे तेही काठावरच होतं.

आता नवं बघा. बाजरीचा आकडा कोष्टकागणिक बदलतो, कुठे २६७५ तर कुठे ३१०० च्या वर. मधला २९०० घ्या, मासळीला २३०० द्या. बेरीज होते साधारण २८८५. म्हणजे किलोमागे २५० किलोकॅलरी गेल्या, आणि त्यातल्या १७५ तर एकट्या तेलाच्या. बाजरीत तेल ५ टक्के असतं हे बरोबर, पण ते तिच्या २९०० मध्ये आधीच मोजलेलं आहे. तुम्ही ते दुसऱ्यांदा मोजलंत.

पक्षी ऊर्जा भरून काढायला जास्त खातो. १.८५ ला ३१३५ ने गुणून २८८५ ने भागा, २.०१ येतात. तुमचे २.१० आहेत. वरचे ०.०९ कुठे गेले ते शोधायला हवं.

पाय पांढरट होणं हा रोग नाही. पिवळा रंग मक्यातून येतो, बाजरीत तो नाही. मात्र जिवंत पक्षी घेणारा व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो, हे लक्षात ठेवा.

पशुवैद्य_नाना
ते ०.०९ मासळीत असावेत. बाजारातली सुकी मासळी बऱ्याचदा खारवलेली असते. त्यात १५ टक्के मीठ धरलं तर ५ किलो मासळीतून ०.७५ किलो मीठ आलं. वरून तुमचं ०.३ चालूच आहे, शिवाय सोडा. १०० किलोत एक किलोच्या वर मीठ, म्हणजे गरजेच्या तिप्पट. पक्षी पाणी पितो, पातळ शिट टाकतो, तूस भिजतं. ओल्या तुसातून अमोनिया उठला की खाणं आणखी मंदावतं. फिनिशरमध्ये एवढं सोडियम राहिलं तर पोटात पाणी होऊन पक्षी जातात तेही वेगळंच.

खात्री करायची तर टाकीचं पाणी आणि खाद्य तीन दिवस मोजा. एक किलो खाद्याला १.८ ते २ लिटर पाणी नेहमीचं. थंडीत अडीचच्या वर जात असेल तर मीठच बघा. उन्हाळ्यात या आकड्याचा उपयोग नाही, तेव्हा पक्षी तसाही पितो.

मासळीचा नमुना प्रयोगशाळेत देताना दोन गोष्टी मागा: मीठ आणि वाळू. घरी वाळूसाठी मूठभर चुरा ग्लासभर पाण्यात ढवळून पाच मिनिटं ठेवा. तळाला कचकचीत थर बसला तर तेवढे पैसे वाळूला दिलेत.

त्याआधी एक काम. दोन-तीन पक्षी उघडून आतडी बघा. ओल्या तुसात कॉक्सिडिया जोर धरतो. शिटेत रक्त किंवा आतड्यावर ठिपके दिसले तर विषय बदलला. आणि कॉक्सिडिओस्टॅट सॅलिनोमायसिन असेल तर टायमुलिन हे अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, दोन्ही एकत्र आले की पक्षी पायावरून जातात.

चाळणी
बाजरी कोणत्या जाळीतून काढलीत? मक्याची ५–६ मिमी जाळी असेल तर बाजरीचा दाणा तसाच खाली पडतो, दळला जातच नाही. सकाळची ताजी शिट बारीक चाळणीत पाण्याखाली धरा. अख्खे, फुगलेले दाणे दिसले तर तेवढी बाजरी तुसातच चालली आहे. बाजरी वेगळी, २ ते २.५ मिमी जाळीतून काढायची. मका मात्र तेवढा बारीक करू नका, पीठ झालं की पक्ष्याच्या चोचीला चिकटतं आणि ड्रिंकरमध्ये जातं.

दुसरं, बाजरीचं पीठ कडवट होतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि गिरणीत सगळे विसरतात. दळल्यावर तिचं तेल लवकर खवट होतं. चार-पाच दिवसांपुरतंच दळा. पंधरा दिवसांचं करायचंच असेल तर टनाला १२५ ग्रॅम बीएचटी (तेल खवट होऊ न देणारं अँटिऑक्सिडंट).

माळरान
जाळी ६ मिमीच आहे, आणि शिटेत दाणे आहेत. मासळीचा चुरा जिभेवर चक्क खारट लागतो. आतडी स्वच्छ निघाली. मग मिश्रण कसं करू? पावसात काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते आहे, ती चालेल का?

भरडा
मासळी बंद. बाजरी २० वर आणा:

मका ४१, बाजरी २०, सोया डीओसी ३०, तेल ५, वरचे ४ किलो तसेच.

ऊर्जा ३०८० च्या आसपास, प्रोटीन २० ला टेकतं. ३१३५ गाठायला तेल आणखी वाढवावं लागेल, पण घरच्या मॅशमध्ये ५ च्या वर गोळे होतात आणि फिडरमध्ये खाद्य सरकत नाही. तेल थेट मिक्सरमध्ये ओतू नका. दहा किलो दळलेल्या मक्यात हाताने चोळा, मग तो मका सोडा. बारीक सामानही आधी पाच किलो मक्यात मिसळून घ्यायचं. उभ्या मिक्सरला त्यानंतर १२ ते १५ मिनिटं.

५५ किलोकॅलरी कमी राहिल्या म्हणून घाबरू नका. आजचा ब्रॉयलर ऊर्जेची थोडी तूट जास्त खाऊन भरून काढतो, लायसीन-मेथिओनीन कमी पडलं तर मात्र छातीचं मांस भरत नाही. त्यामुळे काटकसर सोयात करू नका.

फायटेज (धान्यात अडकलेला फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम) वापरत नसाल तर तिथे खरी बचत आहे. ५००० युनिटचं टनाला १०० ग्रॅम टाकलं की साधारण ०.१ टक्का फॉस्फरस सुटतो, म्हणजे टनाला साडेपाच किलो डीसीपी कमी. बाजरी असताना झायलनेज (धान्यातला तंतू फोडणारं एन्झाइम) हेही जोडीला चांगलं.

पशुवैद्य_नाना
काळ्या ज्वारीला हात लावू नका. पांढरी, कोरडी, निरोगी ज्वारी मक्याच्या जवळ जाते, आपल्याकडच्या पांढऱ्या वाणांत टॅनिनची भीतीही फारशी नाही. काळी पडलेली म्हणजे बुरशी. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन काही गावांत माणसांना पोटदुखी आणि हगवण लागली होती, कारण निघालं फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष. खाद्यात टाकायचे मातीचे टॉक्सिन बाइंडर अफ्लाटॉक्सिन हे दुसरं बुरशीचं विष बऱ्यापैकी धरतात, फ्युमोनिसिनला तितके नाही. "बाइंडर दुप्पट टाकतो" हा उपाय नव्हे.

काटा
भावाचं एक राहिलं. किलोचा भाव बघू नका, तो एफसीआरने गुणा. आधी ३८ × १.८५ = ७०.३० रुपये एक किलो वजनवाढीला. आता ३५.८० × २.१० = ७५.१८. पक्षी या काळात १.४ किलो वाढला तर पक्ष्यामागे ६.८० च्या वर गेले, हजारी लॉटला पावणेसात-सात हजार. २.१० वर राहायचं असेल तर खाद्य ३३.४८ च्या खाली यायला हवं होतं.

माळरान
जुन्या मिश्रणातली मासळी घातलेली सहा पोती उरलीत. चालू लॉट ३३ दिवसांचा आहे. मोडीत काढू का?

पशुवैद्य_नाना
मोडीत नको. मीठ आणि सोडा न टाकता नवं खाद्य करा आणि मासळीच्या एक भाग खाद्यात दोन भाग ते मिसळा. ३६ व्या दिवसापर्यंत संपवा, पुढे मासळी नको, मांसाला वास लागतो. ओलं तूस फावड्याने काढून कोरडं टाका, उरलेलं रोज उलटा. पडदे रात्री पूर्ण बंद ठेवू नका.