बोरिवली ते बीकेसी, गाडी बंद करायचीय. लोकल सोडून सांगा

सुकाबोंबील: रोज एकटाच कारने वांद्रे-कुर्ला संकुलात जातो. एकेका बाजूला पावणेदोन तास, महिन्याला नऊ हजारांचं पेट्रोल. लेकीने शाळेच्या पर्यावरण प्रकल्पात घरातल्या वाहनांची यादी केली, माझ्यापुढे लिहिलं 'माणूस १, सीटा ५'. बाई हसल्या म्हणे. सोमवारपासून दुसरं काही तरी हवंय. लवकर सांगा.

विरारफास्ट: लोकल का नको? बोरिवली-वांद्रे फास्टने अर्धा तास. आणि राहता पूर्वेला की पश्चिमेला? वेळ काय?

सुकाबोंबील: पूर्व, मागाठाण्याजवळ. नऊला निघतो. लोकल नको म्हटलंय ना.

चार्जर_कुठाय: ईव्ही घ्या. मी घेतली, धूर नाही, आवाज नाही.

कढीपत्ता: आणि हायवेवर जागा तेवढीच अडवते. त्यांचा प्रश्न पाच सीटांचा आहे.

चार्जर_कुठाय: पेट्रोल जाळण्यापेक्षा बरी की नाही? सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी मी आठ महिने भांडलोय, त्याचं काय?

कढीपत्ता: त्याचा वेगळा धागा काढा. सुकाबोंबील, मागाठाण्याला मेट्रो ७ पकडा, गुंदवलीला उतरून पुलावरून मेट्रो १ च्या स्टेशनात जा. घाटकोपरच्या गाडीने तिसरं स्टेशन मरोळ नाका. तिथून भुयारी मेट्रो ३, थेट बीकेसी. मुंबई वन अ‍ॅपवर तिकीट काढा.

विरारफास्ट: तीन गाड्या! एवढ्यात मी दोनदा चर्चगेटला जाऊन येईन. लोकलला पर्याय नाही.

सुकाबोंबील: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हो मार्चमध्ये. नऊच्या गर्दीत चढायचं कसं आणि अंधेरीच्या लोंढ्यात उभं राहायचं कसं?

विरारफास्ट: हे पहिल्याच ओळीत लिहायचं की! मग मेट्रोच. लिफ्ट आहेत.

मावशी_६२: गुडघ्याला मेथीचे लाडू, पण गूळ जुना हवा. माझ्या नणंदेला गुण आला.

पागडीवाला: पूर्वी बरं होतं, ट्राम होती. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, आताच्या पोरांना ठाऊक नाही. ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. आमचे वडील तिच्या पायरीवर लटकलेले.

सुकाबोंबील: आज जाऊन आलो. दारापासून बीकेसी स्टेशन सव्वा तास. गुंदवलीच्या पुलावर एकदा कठड्याला टेकलो, बाकी झेपलं. भुयारात रेंज गेली आणि चक्क डुलकी लागली. आता स्टेशनातून डायमंड बोर्सकडे कुठल्या गेटने निघू? आज चुकलो, उन्हात वळसा पडला.

पागडीवाला: डबलडेकरही गेली. जुन्या डिझेलवाल्या सप्टेंबर २०२३ ला बंद.

विरारफास्ट: नव्या एसी इलेक्ट्रिक आहेत की.

पागडीवाला: त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. वरची पुढची सीट आणि तोंडावर वारा, तो मजा वेगळा.

कढीपत्ता: 'ती' मजा.

सुकाबोंबील: गेट??