क्लास फोर ओरल: पहिलं उत्तर येतं, पुढच्या ‘का?’ला अडकायला होतं. मदत हवी आहे

वॉचकीपर_होणार

नमस्कार मंडळी,

क्लास फोरच्या (जहाजावरच्या इंजिनियरच्या परीक्षेच्या) ओरलची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी चालू आहे. लेखी झालं आहे, नोट्स पाठ आहेत. अडचण अशी, की सरावात पहिलं उत्तर बरोबर जातं आणि दुसऱ्या प्रश्नाला सगळं विस्कटतं. इमर्जन्सी फायर पंपाची कपॅसिटी सांगता येते, पण ‘पंप सक्शन घेत नाही, काय बघशील?’ म्हटलं की उत्तराला क्रम राहत नाही.

सध्या जिथे अडतंय ते असं: इमर्जन्सी जनरेटर आणि फायर पंपाचे आकडे कशासाठी आहेत, गेज ग्लास (बॉयलरमधली पाण्याची लेव्हल दाखवणारी काच) ब्लो केल्यावर, म्हणजे वाफ-पाणी सोडून तपासल्यावर, निष्कर्ष काय काढायचा, ऑइल मिस्ट (इंजिनाच्या आत साचणारं तेलाचं धुकं) अलार्मला कुठल्या क्रमाने उत्तर द्यायचं, प्युरिफायर (तेलातलं पाणी आणि गाळ काढणारं यंत्र) ओव्हरफ्लो आणि ग्रॅव्हिटी डिस्कचा संबंध, आणि स्टीअरिंग मोटरला ओव्हरलोड ट्रिप का नसतो. नुसत्या नोट्सच्या लिंका नकोत, त्या भरपूर आहेत. एक्झामिनर नेमकं काय ऐकू इच्छितो हे कळलं तर फार मदत होईल.

जुना_चीफ

मित्रा, समोरच्याला एकच गोष्ट तपासायची असते: या माणसाच्या हातात रात्री इंजिनरूम एकट्याने सोपवता येईल का. म्हणून उत्तर व्याख्येपासून सुरू करू नकोस. हात आधी कुठे जाईल तिथून सुरू कर. आकडा आणि नियम त्यानंतर.

फायर पंपाचंच घे. आकडे: कपॅसिटी जहाजाला लागणाऱ्या एकूण फायर पंप कपॅसिटीच्या ४० टक्के, आणि ताशी २५ घनमीटरपेक्षा कमी नाही. कार्गो जहाज ६००० जीटी (ग्रॉस टनेज) किंवा त्याहून मोठं असेल तर हायड्रंटला किमान ०.२७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे २.७ बार. डिझेलवर असेल तर सर्व्हिस टँकमध्ये ३ तासांचं इंधन आणि मेन मशिनरी स्पेसच्या बाहेर आणखी १५ तासांचा साठा.

आता सक्शन. क्रम असा लाव: सी-चेस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा, खरोखर उघडा आहे का (रिमोटचं इंडिकेशन ‘ओपन’ दाखवतं म्हणून विश्वास ठेवू नकोस, स्पिंडल बघ), स्ट्रेनर, मग प्रायमिंग युनिट (पंपातली हवा काढून पाणी वर ओढणारं), मग ग्लँडमधून (शाफ्टच्या सीलमधून) हवा खेचतोय का. कॉम्पाउंड गेज व्हॅक्यूम दाखवत असेल आणि पाणी येत नसेल तर सक्शन बंद किंवा चोक आहे. व्हॅक्यूमच तयार होत नसेल तर हवा आत येते आहे किंवा प्रायमिंग चालत नाही. हा फरक सांगितलास की पुढचे दोन प्रश्न आपोआप टळतात.

हमखास येणारा पुढचा प्रश्न: पंप चालू आहे, डिस्चार्ज प्रेशर नाही, आग इंजिनरूममध्ये आहे. उत्तर आयसोलेटिंग व्हॉल्व्ह. तो इंजिनरूमच्या बाहेर असतो. तो बंद केला नाही तर पाणी आतल्या उघड्या किंवा फुटलेल्या लाईनमधून निघून जातं आणि डेकवरच्या होजला प्रेशर मिळत नाही. ड्रिलमध्ये हा व्हॉल्व्ह फिरवून बघणारे फार थोडे, आणि नेमका तोच गंजून अडकतो.

इमर्जन्सी जनरेटर: कार्गो जहाजाला १८ तास, पॅसेंजरला ३६. ब्लॅकआउटनंतर ४५ सेकंदांच्या आत आपोआप सुरू होऊन लोड घ्यायला हवा. २२.५ अंश लिस्ट (बाजूचा कल) आणि १० अंश ट्रिमला (पुढे-मागे कल) चालायला हवा. स्टार्टिंगच्या साठ्यात लागोपाठ ३ स्टार्ट, आणि दुसऱ्या स्रोतातून ३० मिनिटांत आणखी ३. टेस्ट कशी घेणार विचारलं तर ‘बटण दाबून’ म्हणू नकोस. मेन स्विचबोर्डकडून इमर्जन्सी स्विचबोर्डला येणारा फीडर ब्रेकर उघडायचा. बस डेड झाली की इंजिन सुरू होतं आणि ब्रेकर बसतो. सुरू झाला पण लोड घेत नाही, तर आधी व्होल्टेज बघ. व्होल्टेज नसेल तर एक्सायटेशन, रेसिड्युअल मॅग्नेटिझम. असेल तर ब्रेकर मॅन्युअलवर आहे का, फीडर ब्रेकरचा इंटरलॉक सुटला आहे का, अंडरव्होल्टेज कॉइल.

वॉटर_लेव्हल

गेज ग्लासचं मी घेतो. हा प्रश्न क्रमापेक्षा निष्कर्षावरच फिरतो.

दोन्ही कॉक बंद, ड्रेन उघडा. काही येत राहिलं तर एखादा कॉक गळतो आहे. मग फक्त वॉटर कॉक उघडा, जोरात आलं तर वाट मोकळी, बंद करा. तसंच स्टीम कॉकचं. आता ड्रेन बंद करून आधी वॉटर कॉक सावकाश उघडा. ग्लासमध्ये पाणी चढून वरपर्यंत भरेल. चढलंच नाही, तर बॉयलरमधली लेव्हल वॉटर कनेक्शनच्या खाली आहे. मग स्टीम कॉक उघडा. पाणी खाली येऊन खऱ्या लेव्हलला थांबायला हवं. खाली आलंच नाही, ग्लास भरलेलाच राहिला, तर लेव्हल स्टीम कनेक्शनच्या वर आहे.

ग्लास पूर्ण रिकामा आणि पूर्ण भरलेला लांबून सारखाच दिसतो, म्हणून हा सगळा खटाटोप. हे वाक्य उत्तरात जरूर घाला.

लेव्हल दिसत नाही असं ठरलं तर फायरिंग बंद, स्टीम स्टॉप बंद, आणि फीड वाढवायचं नाही. तापलेल्या उघड्या ट्यूबवर थंड पाणी पडलं तर ट्यूब तडकतात, पाण्याची एकदम वाफ होते. बॉयलर आपसूक थंड होऊ द्या, मग तपासणी. घाईत ‘फीड पंप चालू करेन’ म्हटलं की तिथेच ओरल संपते.

सेफ्टी व्हॉल्व्हवर बोलणं गेलं तर अॅक्युम्युलेशन टेस्टही येते: स्टीम स्टॉप बंद, पूर्ण फायरिंग, फायर-ट्यूबला १५ मिनिटं आणि वॉटर-ट्यूबला ७, प्रेशर वर्किंग प्रेशरच्या १० टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये.

क्रँककेस_दार

ऑइल मिस्ट अलार्म: ब्रिजला कळवा, स्पीड कमी करा (बऱ्याच इंजिनांत स्लो-डाऊन आपोआप होतं), थांबायची परवानगी मागा. दरम्यान सगळ्यांना क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या बंद भागाची) दारं आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या समोरून हटवा. डिटेक्टरची लेन्स घाण असल्यानेही अलार्म येतो, पण ते तपासायला इंजिनजवळ जायचं नाही. अलार्म खरा धरूनच चालायचं.

थांबल्यावर किमान २० मिनिटं दार उघडायचं नाही. का, हे स्वतःहून सांगा. आत मिस्ट इतकी दाट असू शकते की ती पेटण्याच्या मर्यादेच्या वर असते. दार उघडलं की हवा आत जाते, मिश्रण स्फोटक होतं आणि हॉट स्पॉट अजून तापलेलाच असतो. पहिला स्फोट बाहेर पडल्यावर आत व्हॅक्यूम होतो, हवा पुन्हा खेचली जाते आणि दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा होतो. रिलीफ व्हॉल्व्ह स्प्रिंगने लगेच बंद होतो तो यासाठी, आणि त्यावर फ्लेम ट्रॅप असतो तो बाहेर ज्वाळा येऊ नयेत म्हणून.

डिटेक्टर कुणाला लागतो: २२५० किलोवॅट आणि त्यावर, किंवा सिलिंडर बोअर ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त.

जुना_चीफ

यात एक भर. ल्युब ऑइल पंप कधी बंद करायचा आणि टर्निंग गिअर कधी लावायचा, यावर मेकरप्रमाणे क्रम बदलतो. वाद घालू नकोस. ‘मी ज्या इंजिनावर होतो त्याच्या मॅन्युअलप्रमाणे सांगतो’ म्हणून इंजिनाचं नाव घे आणि तोच क्रम सांग. त्यासाठी मॅन्युअलचं ते पान खरोखर वाचलेलं हवं. टर्निंग गिअर लावण्याआधी स्टार्टिंग एअर बंद, एवढं मात्र कुठेही विसरायचं नाही.

सेपरेटर_रूम

ग्रॅव्हिटी डिस्क: प्युरिफायरच्या फिरत्या बाऊलमध्ये तेल आणि पाणी यांच्यातली सीमा, म्हणजे इंटरफेस, ती ठरवते. डिस्कचं भोक मोठं तर इंटरफेस बाहेरच्या बाजूला सरकतो. फार मोठं झालं की वॉटर सील तुटतं आणि तेल पाण्याच्या बाजूने वाहतं, तोच ओव्हरफ्लो. भोक लहान झालं की इंटरफेस आत येतो, डिस्क स्टॅकमधला प्रवाह अडतो आणि शुद्ध तेलात पाणी राहतं. जड तेलाला लहान भोकाची डिस्क. सील न तोडणारी सर्वांत मोठी डिस्क हीच योग्य निवड.

ओव्हरफ्लो झाला तर डिस्क बदलायला धावू नका. कालपर्यंत त्याच डिस्कवर चालत होता, तर आज बदललं काय? तापमान आधी बघा. हेवी ऑइलला साधारण ९८ अंश लागतात; हीटर कमी पडला की तेल जड आणि घट्ट होतं. मग सीलिंग वॉटर, थ्रूपुट, ऑपरेटिंग वॉटर (बाऊल नीट बंद न झाल्यास तेल स्लज बाजूला जातं), सीलिंग रिंग, आणि बाऊलचा वेग: क्लच पॅड झिजले की वेग येत नाही. नवं बंकर (जहाजाचं इंधन) घेतलं असेल तरच डेन्सिटी आणि डिस्ककडे वळा. साध्या प्युरिफायरला तेलाच्या डेन्सिटीची मर्यादा १५ अंशांना ९९१ किलो प्रति घनमीटर, हेही विचारतात.

बसबार

स्टीअरिंग मोटर: ट्रिप झाली तर सुकाणू जातं, जहाज अरुंद पाण्यात असेल तर जमिनीवर. मोटर जळाली तरी चालेल, सुकाणू हवं, हा विचार. म्हणून शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन असतं, ओव्हरलोडला आणि फेज गेल्यास फक्त अलार्म. जास्त करंटचं प्रोटेक्शन दिलंच तर ते फुल लोड करंटच्या दुपटीपेक्षा कमी सेट करता येत नाही.

न्यूट्रल इन्सुलेटेड का, याचंही उत्तर तिथेच आहे: एका अर्थ फॉल्टवर महत्त्वाचं मशीन बंद पडू नये. पण पहिला अर्थ फॉल्ट तसाच ठेवला आणि दुसरा वेगळ्या फेजवर आला की शॉर्ट सर्किट. म्हणून अर्थ फॉल्ट शोधण्यात दिरंगाई नाही.

स्टीअरिंगचे वेळ: एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० पर्यंत २८ सेकंदांत, पूर्ण भारात पूर्ण वेगाने. ३५ पर्यंत का मोजत नाहीत? शेवटच्या अंशांत हंटिंग गिअर (रडर हव्या कोनाला आला की थांबवणारी यंत्रणा) पंपाचा स्ट्रोक कमी करतो, रडर सावकाश जातो, नेमकी वेळ पकडता येत नाही. ऑक्झिलरी (राखीव) स्टीअरिंगला एका बाजूच्या १५ पासून दुसऱ्या बाजूच्या १५ अंशांपर्यंत ६० सेकंदांत, अर्ध्या वेगाला किंवा ७ नॉट्सला, जे जास्त असेल ते.

वॉचकीपर_होणार

सर, सगळ्यांचे मनापासून आभार. आता कुठे धागा हाती लागतो आहे. आणखी एकच: सीओटूचं (आग विझवायच्या गॅसचं) गणित कागदावर करून मागतात असं ऐकलं. ४० टक्के कशाचे, यात गोंधळ होतो.

जुना_चीफ

सर्वांत मोठ्या मशिनरी स्पेसच्या ग्रॉस व्हॉल्यूमचे ४० टक्के, त्यात केसिंगचा (इंजिनरूममधून वर जाणाऱ्या उभ्या भागाचा) वरचा अरुंद भाग धरायचा नाही. किंवा केसिंगसकट ३५ टक्के. दोन्हींतलं जास्त येईल ते घ्यायचं. गॅसचं आकारमान किलोला ०.५६ घनमीटर धरतात.

समज केसिंग वगळून ३००० घनमीटर, आणि तोच आकडा मोठा ठरला. ४० टक्के म्हणजे १२०० घनमीटर गॅस. भागिले ०.५६, म्हणजे सुमारे २१४३ किलो. ४५ किलोच्या बाटल्या असतील तर ४७.६, म्हणून ४८ बाटल्या. खाली राउंड करायचं नाही.

यातला ८५ टक्के गॅस २ मिनिटांत आत जायला हवा. प्री-डिस्चार्ज अलार्म किमान २० सेकंद. कंट्रोल दोन: एक लाईनचा व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा बाटल्यांतून गॅस सोडतो. सोडण्याआधीचा क्रम बोलत बोलतच स्केच काढ: अलार्म, माणसांची मोजणी, इंजिन बंद, क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह, ब्लोअर बंद, डॅम्पर आणि स्कायलाईट बंद, कॅप्टनची परवानगी. एकही डॅम्पर उघडा राहिला तर तो सगळा हिशेब फुकट, कारण गॅस निघून गेला की दुसरा साठा नसतो. आणि सीओटू आग विझवतो, लोखंड थंड करत नाही. म्हणून बाहेरून बाउंड्री कूलिंग चालू ठेवायचं आणि बल्कहेडचं तापमान उतरून स्थिर होईपर्यंत दार उघडायचं नाही.