भाऊ बारीक आहे तरी शुगर बॉर्डरवर, काय करू?

सुरगाण्याची_लेक
नमस्कार. माझा धाकटा भाऊ २५ वर्षांचा, नाशिकच्या अंबडला ठेकेदाराकडून एका कंपनीत लागलाय, मागच्या आठवड्यात चक्कर आली म्हणून रिपोर्ट काढले तर उपाशीपोटी शुगर ११८, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० निघालं. वजन फक्त ५८ किलो हो, उंची साडेपाच फूट. घरात कुणाला शुगर नाही, निदान कुणी तपासलेली तरी नाही. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही पण भात बंद करा, सॅलड खा, रोज पाऊण तास चाला, जागरण नको. आता हा १२ तास ड्युटी करतो, एक आठवडा दिवस एक आठवडा रात्र, सिडकोत एका खोलीत चौघं पोरं आणि एकच शेगडी. भात का, तर गावाकडून रेशनचा तांदूळ येतो आणि कुकर लावला की दहा मिनिटं आडवं होता येतं, भाकरी थापणार कोण. रविवारी गेले तेव्हा त्याचा डबा उघडून बघितला, खालच्या पुडात भात, वरच्या पुडात पण भात आणि बारक्या डबीत पाण्यासारखी डाळ.
मी गंगापूर रोडला पोळ्या करायला जाते, त्या घरातल्या मुलाचा रिपोर्ट पण असाच आला होता, त्याला जिम लावली, डाएटवाल्या मॅडम लावल्या, सहा महिन्यांत सगळं नॉर्मल. चांगलंच झालं त्याचं. पण माझ्या भावाने काय करायचं ते कुणीतरी नीट सांगा.

पहाटेचा_धावपटू
ताई राग मानू नका पण मनावर घेतलं तर होतं. मी रोज ५ वाजता गोल्फ क्लबला पळायला जातो, त्याला काही पैसे लागत नाहीत. पोरांना मोबाईल बघायला वेळ असतो.

लॅबवाला_नाशिक
दादा, रात्रपाळी करून सकाळी ८ ला सुटलेला माणूस पहाटे ५ ला कुठून पळणार? मी रोज रक्त काढतो, सातपूर-अंबडकडची विशी-पंचविशीची बारीक पोरं असे रिपोर्ट घेऊन जाताना बघतो आणि खरंच जीव तुटतो.
ताई, वजनावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळांचा अभ्यास केलाय, आपली बाळं जन्मतः हडकुळी दिसतात पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. आईला गरोदरपणी पोटभर मिळालं नाही की बाळाचं शरीर तसंच घडतं. जेवणातली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, स्नायूच कमी तर ती रक्तात राहते, आणि वरून पोटावर थोडी चरबी आली की संपलं. म्हणून टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या वर नको, बाईला ८०.
आणि शुगर श्रीमंतांचा आजार हे आता विसरा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा १५ राज्यांचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात महाराष्ट्राच्या शहरांत डायबेटिसचं प्रमाण गरीब घरांतच जास्त दिसलं.

नर्सताई
लॅबवाले दादा बरोबर बोलले. मी सरकारी दवाखान्यात आहे, आमची घरोघरची बीपी-शुगर तपासणी ३० वर्षांवरच्यांची असते, म्हणजे २५ चा पोरगा आशाताईच्या फॉर्ममध्ये येतच नाही, तो आमच्या समोर येतो तेव्हा बऱ्याचदा पाच-सात वर्षं उशीर झालेला असतो. पण ताई वय कमी म्हणून कुणी परत पाठवणार नाही, रिपोर्ट घेऊन जवळच्या मनपा दवाखान्यात नाहीतर सिव्हिलला जा.
दुसरं, त्याच्या पगाराच्या स्लिपवर इएसआय, म्हणजे कामगार विमा, कापलाय का बघा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ०.७५ टक्के कापतात, ठेकेदाराचा कामगार असला तरी. कापत असतील तर विमा नंबर मागून घ्या, तपासण्या-औषधं त्यातच होतात, आई त्याच्यावर अवलंबून असेल तर तिची सुद्धा. कितीतरी पोरांचे पैसे कापले जातात आणि कार्ड कधी हातातच आलेलं नसतं.
आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा. ६.५ च्या आत आहे तोवर मागे फिरता येतं.

मेसवाली_मावशी
बाळा मी सातपूरला पोरांचे डबे देते. सॅलडचं सोड, ते कुणाला परवडतं. तांदूळ बंद नको करू, निम्मा कर. बाकी निम्म्या पोटाला मटकी, हरभरे, चवळी, काहीही, पण जाड कडधान्य. रात्री भिजत टाकायचं आणि भाताच्या कुकरमध्येच वरच्या भांड्यात लावायचं, वेगळी शेगडी नको. मूठभर भाजलेले शेंगदाणे खिशात ठेवायला सांग. आणि चहा विचार त्याला!! माझ्याकडचा एक पोरगा रात्रपाळीत गेटवरचे सहा चहा प्यायचा, प्रत्येकात तीन चमचे साखर आणि सोबत बिस्किटाचा पुडा, भूक मारायला. ते आधी थांबलं पाहिजे, रात्री उशिरा खाल्लेलं तर अंगाला अजूनच बाधतं. जेवण झालं की लगेच पडू नको म्हणावं, दहा मिनिटं आवारातच फेऱ्या मार.

पहाटेचा_धावपटू
ताई माझं चुकलं, पाळीचा विचार मी केला नव्हता.

सुरगाण्याची_लेक
सगळ्यांचे खूप आभार. कंबर मोजली, ३६ इंच, म्हणजे ९१ भरतंय. आईला फोन केला तर ती म्हणाली ह्याच्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला होते, दुपारी नागलीची भाकर आणि मिरची, झाला तेव्हा पावणेदोन किलोचा होता. मला हे आजपर्यंत माहीतच नव्हतं.
चहा पाच होतात म्हणाला. स्लिपवर इएसआय कापलेला आहे, दोन वर्षांपासून, नंबर त्याला कुणी दिलाच नाही. ठेकेदाराच्या माणसाला फोन लावला तर सोमवारी या म्हणतोय, मी त्या दिवशी कामावर सुट्टी सांगितलीये. मावशी, मटकीला मोड आणायला खोलीत जागा नाही, नुसती भिजवून चालेल ना?

मेसवाली_मावशी
चालेल गं. मोड नाही आले तरी चालतं, मीठ मात्र शिजल्यावर टाक.