मुलगी जर्मनीत फ्लॅट घेतेय, पैसे आम्ही देतोय. आमचं नाव लावावं का?

पाचपाखाडीची आई
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं ठाण्याला पाचपाखाडीत राहतो. मी शाळेतून निवृत्त झाले, हेही आता घरीच असतात. मुलगी-जावई न्यूरेम्बर्गला नोकरीला आहेत. नातू बालवाडीत जायला लागला आणि त्यांनी स्वतःचं घर घ्यायचं मनावर घेतलं. बघितलेला फ्लॅट ३ लाख ६० हजार युरोचा आहे, तीन खोल्या, दुसरा मजला. कळव्याची जागा आम्हा दोघांच्या नावावर होती. ती विकून, कर भरून साठ लाख हातात आले, ते लेकीला द्यायचे आहेत.

देण्याबद्दल दुमत नाही. पण ह्यांचं म्हणणं, एवढी रक्कम जाणार तर कागदावर आपलंही नाव पाहिजे. माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलाय. जावई चांगले आहेत, तरी उद्या दोघांचं काही बिनसलं तर? आईने हा विचार करायचा नाही तर कोणी करायचा! शिवाय बँकेत म्हणाले, वीस टक्के कापले जातील. म्हणजे बारा लाख गेले का?

वाशीचा करसल्लागार
ताई, जात काही नाही. तो टीसीएस आहे, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. शिवाय तो पूर्ण रकमेवर नसतो. एका आर्थिक वर्षात माणशी पहिल्या १० लाखांवर काही नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के.

म्हणून सगळं एकाच्या खात्यातून पाठवू नका. एकट्याने साठ लाख पाठवले तर १० लाख अडकतील. दोघांनी तीस-तीस पाठवले तर मिळून ८. आणि प्रत्येकी पंधरा लाख मार्चअखेर व पंधरा लाख एप्रिलमध्ये पाठवलेत तर दोन्ही वर्षांचे मिळून ४ लाखच. हे पैसे साठ लाखांच्या वर हाताशी ठेवावे लागतात. रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची आहे, तिच्या तुम्ही जवळपासही नाही.

ऐरोलीहून एर्लांगनला
काकू, मी न्यूरेम्बर्गच्या शेजारीच राहते आणि ह्या सगळ्यातून गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैसे फक्त मुलीच्या खात्यात पाठवा, दोघांच्या जॉइंट खात्यात नको. जर्मनीत बक्षीस घेणाऱ्याला कर लागतो. आई किंवा वडिलांकडून मुलीला दहा वर्षांत प्रत्येकी ४ लाख युरोपर्यंत माफ आहे, पण सासू-सासऱ्यांकडून जावयाला फक्त २० हजार. मुलीने तिथल्या कर कार्यालयाला तीन महिन्यांच्या आत लेखी कळवायचं, कर लागत नसला तरी.

तुमच्या भीतीवरचं उत्तर तुमच्या नावात नाही, मुलीच्या हिश्श्यात आहे. ग्रुंडबुखमध्ये, म्हणजे तिथल्या जमीन-नोंदवहीत, मालकीचा वाटा आकड्यात लिहितात. निम्मा-निम्मा लिहायलाच हवा असं नाही. जिचे पैसे जास्त, तिचा वाटा जास्त. हे जावयांपासून लपवून करू नका. चौघांनी व्हिडिओ कॉलवर बसून बोला. आम्ही बोललो, कोणालाही वाईट वाटलं नाही.

तुमचं नाव लावलंत तर सहीसाठी इथे या, नाहीतर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्रावर सही साक्षांकित करा. आणि तुमच्या पश्चात त्या हिश्श्यासाठी मुलीला कोर्ट-कागद. कशाला?

खर्चाचं सांगते. बायर्नमध्ये, म्हणजे न्यूरेम्बर्गच्या राज्यात, खरेदीवर ३.५ टक्के कर, नोटरी आणि नोंदणीचे दोनेक टक्के, दलाल असला तर खरेदीदाराच्या वाट्याची दलाली बहुतेकदा ३.५७ टक्के. म्हणजे ३२-३३ हजार युरो किमतीच्या वर. बँका सहसा ह्यासाठी कर्ज देत नाहीत, तुमचे पैसे आधी इथेच लागतील. रोखीचा प्रश्नच नाही, एप्रिल २०२३ पासून घरखरेदीत रोख द्यायला कायद्याने बंदी आहे.

नोटरी अख्खा करार मोठ्याने वाचतो, शब्द न् शब्द. आमचा वाचताना मध्येच थांबला, तळघराच्या खोलीचा नंबर नकाशावर वेगळा होता. त्याने पेनने दुरुस्त केला, आम्हाला दाखवला आणि पुढे वाचू लागला. मुलीचं जर्मन कच्चं असेल तर दुभाषा घ्याच. सहीच्या दिवशी पैसे द्यायचे नसतात. ग्रुंडबुखमध्ये खरेदीदाराच्या नावाची आगाऊ नोंद झाली की नोटरीचं पत्र येतं, मग द्यायचे.

आणि सोसायटीच्या सभांची मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागायला सांगा. छप्पर, लिफ्ट, हीटिंग बदलायचं ठरलं असेल तर तिथे कळतं, आणि राखीव निधी अपुरा असेल तर फरक प्रत्येक घराकडून वसूल होतो. ठाण्यासारखं ‘पुढेमागे रिडेव्हलपमेंट होईल, जागा वाढेल’ हे गणित धरू नका.

घोडबंदर रोडचे आजोबा
मी दुबईच्या घरात मुलाबरोबर नाव लावलंय. त्यात गैर नाही, पण दरवर्षी आयटीआर-२ ह्या विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता भरतो, तेही जानेवारी ते डिसेंबर अशा वर्षाचं. राहिलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. सत्तरीत हे झेपणार असेल तरच नाव लावा.

पाचपाखाडीची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वाट्याचं ऐकून त्यांनी नावाचा हट्ट सोडला. रविवारी चौघं बोलणार आहोत. टीसीएससाठी चार लाखांची एफडी मोडू. एक राहिलं, बँकेत नक्की काय लिहून द्यायचं?

वाशीचा करसल्लागार
ए-२ फॉर्मवर कारण ‘नातेवाइकाला बक्षीस’ असं लिहा, घरखरेदी नाही, कारण घर तुम्ही घेत नाही. दोघांची वेगवेगळी बक्षीसपत्रं करा. कळव्याच्या विक्रीचा करार आणि कर भरल्याचं चलन सोबत न्या. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.