नवऱ्याला एएच्या मीटिंगला जायचं आहे, नागपुरात सुरुवात कुठून करू?

इंदोऱ्याची_सून
नमस्कार. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, काही महिने चांगले गेले, दिवाळीनंतर परत सुरू झाली. आता स्वतःच म्हणतात की एकट्यानं जमत नाही. डॉक्टरांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (एए, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगला जायला सांगितलं आहे. पण यांना दोन गोष्टी खुपतात. कंपनीतलं कोणी तिथं भेटलं तर? आणि कोणीतरी सांगितलं की तिथं देवाची प्रार्थना असते. आमच्या घरी बुद्धवंदना होते, रोज पंचशील म्हणतो. हे म्हणतात, दारू न पिण्याचं पाचवं शील तर मोडून बसलो, आता देवापुढे पण हात जोडू का? मला काही बोलता आलं नाही.
पैसे किती लागतात? मराठीत असते का? मी सोबत गेले तर चालेल? सासूबाईंचं म्हणणं, वर्ध्याला मामांकडे ठेवा, तिथं दारूबंदी आहे.

मिहानवाला
वहिनी, दारू सोडवायची पावडर मिळते. भाजीत कालवून द्या, त्यांना कळणारही नाही. आमच्या शेजारी दिली होती.

वॉर्डातली_सिस्टर
अजिबात देऊ नका! अशा पुड्यांत बरेचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना माणूस प्यायला की उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. जीवही जाऊ शकतो. ते औषध डॉक्टर देतात, पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. आणि ताई, सध्या रोज घेत असतील तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. मेडिकलच्या (सरकारी दवाखान्याच्या) मानसोपचार ओपीडीत दाखवा, ते दिवस गोळ्यांवर काढता येतात. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. मीटिंग हवीच, पण ती औषधाच्या जागी नाही.

रिटायर्ड_लाईनमन
सिस्टर बरोबर बोलून राहिल्या. मिहानवाले भाऊ, ती पोस्ट काढून टाका जी.

ताई, मी वीज मंडळात होतो. दारू सुटून बरीच वर्षं झाली, मीटिंग अजून सोडली नाही. एए इंडियाची वेबसाइट आहे, तिथल्या हेल्पलाइनवर फोन करून नागपूरचे ग्रुप विचारायचे. जागा अन् वेळ बदलत राहते, म्हणून विचारल्याशिवाय निघू नका. पण फोन तुम्ही नका लावू, त्यांना लावू द्या. पलीकडे कोणी बाबू नसतो, आमच्यासारखाच सुटलेला बेवडा असतो. बरेचदा तोच म्हणतो, चौकात उभे राहा, मी घ्यायला येतो.

पैसे लागत नाहीत. शेवटी पेटी फिरते, वाटलं तर टाका. बाहेरच्यानं लाख रुपये दिले तरी आम्ही घेत नाही, नियमच आहे. भाषा म्हणाल तर नागपूरची, अर्धी मराठी अर्धी हिंदी.

मला वाटलं होतं भाषण असेल. शाळेचा वर्ग, पोरांचे बाक, गुडघे अडकून राहिले होते. एक जण उठला अन् सांगू लागला की मे महिन्यात तो कूलरच्या टाकीत क्वार्टर लपवायचा, अन् बायकोनं पाणी बदलायला टाकी उघडली. सगळे हसले. मीही हसलो, कारण माझीही तीच जागा होती. कोणी मधात बोलत नाही, कोणी उपदेश करत नाही. नवीन माणूस गप्प बसला तरी चालते.

कंपनीतला भेटला तर भेटू द्या. तो बाहेर सांगेल काय? मी तिथं कशाला गेलो होतो, हे आधी त्यालाच सांगावं लागेल.

आता देवाचं. दारू सोडायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देव आहे, खोटं काहून बोलू? पण १९३९ ला एएच्या पुस्तकात त्या छापल्या, तेव्हाच ‘आम्हाला समजेल तसा’ हे शब्द घातले, कारण न्यूयॉर्कच्या ग्रुपातले नास्तिक अडून बसले होते. आमच्यात एक बौद्ध काका आहेत. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहतात, अन् पायऱ्यांत म्हणतात ती आपल्यापेक्षा मोठी शक्ती कोणती विचारलं तर समोरच्या खुर्च्यांकडे हात करतात. त्यांना कोणी आजवर टोकलं नाही. अन् शील मोडलं म्हणून वंदनेला बसणं बंद करू देऊ नका. घरात तेवढा आधार आहे.

तुम्ही ओपन मीटिंगला जाऊ शकता, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांची. तुमच्यासाठी, म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी, अल-अनॉन वेगळं आहे, १९५१ पासून. ते सुधरोत न सुधरोत, तुम्ही जा. ते फोन करतील तेव्हा अल-अनॉन इकडे कुठे भरते, तेही विचारायला सांगा.

वर्ध्यात दुकान नाही, पण पाहिजे त्याला मिळते, अन् महाग मिळते. त्यापेक्षा पोळ्याचा विचार आत्ताच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा घरी एकटे नसावेत, त्या दिवशी ग्रुपातल्याच्या सोबत राहू द्या.

इंदोऱ्याची_सून
काका, सिस्टर, दोघांचेही आभार. ओपीडीत दाखवून आलो, गोळ्या सुरू आहेत. फोन त्यांनीच केला, मी स्वयंपाकघरात होते. शनिवारी एक जण इंदोरा चौकात येणार आहेत. आदल्या दिवशी घेतली गेलीच तर मीटिंगला चालते का?

रिटायर्ड_लाईनमन
हाव, चालते. अट एकच, सोडायची इच्छा पाहिजे. घेतली म्हणून घरी बसवू नका, पाठवा. फक्त गोळ्या सुरू असताना घेतली तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.